विश्लेषण : वसमतच्या हिवाळ्यात थंडी गायब, पाऊस हजर, रोजच्या हवामान नोंदी काय सांगतात?

डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस आभाळ भरून येते, पहाटेचा गारवा नाहीसा होतो, स्वेटर कपाटात जातात आणि तिसऱ्या दिवशी विजांसह पाऊस पडतो. शहरात हा गप्पांचा विषय असतो. वसमत तालुक्यात मात्र याच दिवसांत हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवण तोंडावर आलेली असते किंवा सुरू झालेली असते. शेतात हरभऱ्याला घाटे लागत असतात, तूर कापणीला आलेली असते. अशा वेळी ‘किती मिलिमीटर पाऊस पडला’ हा आकडा दुसऱ्या दिवशी कळतो. तोवर ताडपत्रीवरची हळद भिजलेली असते. मग आधी इशारा देणारा आकडा कोणता? तो कुठे मिळतो आणि कसा वाचायचा?

असा हिवाळा अलीकडे कधी अनुभवला?

ठळक उदाहरण २०२३-२४ च्या हिवाळ्याचे. त्या वर्षी पावसाळ्यात मराठवाड्यात पाऊस कमी झाला होता. मात्र नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात अवकाळी पावसाने विभागाला झोडपले. एकाच दिवसात मराठवाड्यातील शंभराहून अधिक महसूल मंडळांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला. जालना, परभणी, हिंगोली या पट्ट्यालाही त्याचा तडाखा बसला. पाठोपाठ डिसेंबरच्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरात ‘मिचाँग’ चक्रीवादळ तयार झाले. ते ५ डिसेंबरला आंध्र प्रदेशात बापटलाजवळ किनाऱ्यावर धडकले आणि त्याच्या ढगांचा परिणाम विदर्भापर्यंत जाणवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्याच्या काही भागांत पुन्हा वादळी पाऊस आणि गारपीट झाली.

त्याआधी २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपिटीचे सत्र चालले होते. रब्बीची उभी पिके आणि फळबागा त्यात आडव्या झाल्या. म्हणजे हिवाळी पाऊस नवा नाही. मात्र त्याची चाहूल वेळेत ओळखणे ही गरज पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे, कारण आता या भागात हळदीसारख्या जास्त खर्चाच्या पिकात मोठी रक्कम गुंतलेली असते.

ढग आले की रात्रीची थंडी कुठे जाते?

दिवसा जमीन तापते आणि रात्री ती उष्णता अवकाशात सोडते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ही उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पहाटे कडाक्याची थंडी पडते. आकाशात ढग असतील तर ते जमिनीतून निघालेली उष्णता शोषतात आणि तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवतात. हवेतील बाष्पही हेच काम करते. गोधडी अंगावर घेतल्यासारखी ही स्थिती असते. त्यामुळे किमान तापमान, म्हणजे पहाटेचे सर्वांत कमी तापमान, वाढते.

दिवसा मात्र उलटे होते. ढग ऊन अडवतात, त्यामुळे कमाल तापमान घटते. रात्र उबदार आणि दिवस थंड अशी स्थिती तयार होते. ‘थंडी नाही, पण गारवा आहे’ असे लोक म्हणतात, त्यामागचे कारण हेच.

वाऱ्याची दिशाही बदलते. वसमतकडे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे वारे कोरडे आणि थंड असतात. पूर्व किंवा आग्नेयेकडून वारे येऊ लागले, की ते बंगालच्या उपसागरावरचे बाष्प घेऊन येतात.

हिवाळ्यात वादळ आणि गारा कशामुळे?

त्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, जमिनीलगत बाष्पयुक्त हवा. ती बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून येते. दुसरी, वरच्या थरांत पश्चिमेकडून येणारी थंड, कोरडी हवा. भूमध्य समुद्राकडून उत्तर भारतात येणारे ‘पश्चिमी विक्षोभ’ हिवाळ्यात या वरच्या वाऱ्यांना दक्षिणेकडे वळण देतात. हे वळण कधीकधी महाराष्ट्रापर्यंत येते. खाली दमट आणि उबदार, वर थंड आणि कोरडी अशी हवा झाली, की ती अस्थिर होते आणि गडगडाटी ढग उभे राहतात.

ढगातील ज्या उंचीवर तापमान शून्य अंश असते, ती पातळी पावसाळ्याच्या तुलनेत हिवाळ्यात खाली असते. त्यामुळे ढगात तयार झालेल्या गारांना जमिनीपर्यंत येताना उबदार हवेतून कमी अंतर कापावे लागते. त्या पूर्ण वितळत नाहीत आणि गारा म्हणूनच पडतात. हिंगोली जिल्हा मराठवाड्यात असला, तरी वाशीम आणि यवतमाळ या विदर्भातील जिल्ह्यांना लागून आहे. त्यामुळे विदर्भासाठी दिलेला इशाराही वसमतकरांनी पाहिलेला बरा.

रोजची अधिकृत नोंद होते कशी?

भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत पावसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. सकाळी ८.३० ला पर्जन्यमापकातील पाणी मोजतात आणि ते आधीच्या २४ तासांचा पाऊस म्हणून त्या सकाळच्या तारखेवर नोंदवतात. म्हणजे २७ तारखेच्या दुपारी पडलेला पाऊस २८ तारखेच्या नोंदीत दिसतो. पंचनाम्यातील तारीख आणि हवामान नोंदीतील तारीख यांचा मेळ बसत नाही, तेव्हा अनेकदा कारण एवढेच असते.

२४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम आणि ६४.५ ते ११५.५ जोरदार मानला जातो. महसूल यंत्रणेच्या भाषेत मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीत एवढे पाणी एका रात्रीत आले, तर काय होते हे वेगळे सांगायला नको.

तापमानाची नोंद सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर होते. किमान तापमान सकाळी वाचतात, कमाल तापमान संध्याकाळी.

वसमतचा आकडा नेमका कुठला असतो?

वसमत तालुक्यात वसमत, हट्टा, गिरगाव, कुरुंदा, टेंभुर्णी, आंबा आणि हयातनगर अशी महसूल मंडळे आहेत. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात हवामानाच्या नोंदी ठेवल्या जातात आणि तिथून मराठवाड्यासाठी कृषी हवामान सल्लाही दिला जातो.

अडचण अशी, की एका मंडळात अनेक गावे असतात आणि यंत्र एकाच जागी असते. पावसाळ्यातला सर्वदूर पाऊस असेल तर फारसा फरक पडत नाही. हिवाळ्यातला वादळी पाऊस मात्र पट्ट्यात पडतो. एका शिवारात गारांचा खच आणि दोन-तीन कोसांवर रस्ताही ओला नाही, असे घडते. यंत्राच्या आकड्यात चूक नसते. तो आकडा यंत्राच्या जागेचा असतो, तुमच्या बांधाचा नसतो.

मोबाइलवर दिसणारे तापमान म्हणजे नोंद का?

बहुतेक वेळा नाही. मोबाइलच्या पडद्यावर ‘वसमत २४ अंश’ असे दिसते, तेव्हा तिथे कुणी तापमापक लावलेला असतोच असे नाही. संगणकीय प्रारूपाने त्या परिसरासाठी काढलेला तो अंदाज असतो. पुढचे चार दिवस कसे जातील याची कल्पना येण्यासाठी तो उपयोगी आहे. काल आपल्या शेतात काय घडले याचा पुरावा म्हणून तो चालत नाही. अंदाज आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवला, तर समाजमाध्यमांवर फिरणारे निम्मे ‘हवामान संदेश’ आपोआप बाजूला पडतात.

पावसाआधी इशारा देणारा आकडा कोणता?

कमाल आणि किमान तापमानातील अंतर. एक उदाहरण पाहू. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही विशिष्ट दिवसाचे नाहीत.

• पहिला दिवस : कमाल ३०, किमान ११. अंतर १९ अंश. आकाश निरभ्र, उत्तरेचा वारा.

• दुसरा दिवस : कमाल ३०, किमान १४. अंतर १६ अंश. उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग.

• तिसरा दिवस : कमाल २८, किमान १८. अंतर १० अंश. पूर्वेचा वारा, हवेत दमटपणा.

• चौथा दिवस : कमाल २४, किमान १९. अंतर ५ अंश. दुपारनंतर गडगडाट आणि पाऊस.

• पाचवा दिवस : सकाळी ८.३० ला पाऊस १८ मिलिमीटर.

पावसाचा आकडा वहीत पाचव्या दिवशी आला. अंतर मात्र दुसऱ्या दिवसापासूनच कमी होऊ लागले होते आणि तिसऱ्या दिवशी ते जवळपास निम्म्यावर आले. ज्याच्याकडे फक्त पर्जन्यमापक आहे, त्याला पाऊस पडून गेल्यावर कळले. जो रोज दोन तापमाने लिहितो, त्याला किमान एक दिवस आधी शंका आली.

ही शंकाच आहे, खात्री नव्हे. ढग येऊन न बरसता निघून जाण्याचे प्रसंगही बरेच असतात. म्हणून अंतर घटत असल्याचे दिसले, की हवामान विभागाचा इशारा आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला उघडून पाहायचा. दोन्हींचा सूर जुळला, तर कामाचा बेत बदलायचा.

हळदीसाठी एका दिवसाचे महत्त्व एवढे का?

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. तालुक्यातील बराच भाग येलदरी-सिद्धेश्वर धरणांच्या पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात येत असल्याने इथे हळदीचे क्षेत्र मोठे आहे.

हे पीक आठ-नऊ महिने जमिनीत असते. पाला कापून झाला, की जानेवारीपासून काढणीला वेग येतो. काढलेली हळद फार दिवस तशीच न ठेवता शिजवावी लागते. शिजवल्यावर साधारण १२ ते १५ दिवस कडक ऊन हवे असते. त्यानंतर पॉलिश आणि मग मोंढ्यातला लिलाव.

यातला नाजूक टप्पा शिजवणीनंतरचा. जमिनीतल्या कंदाला थोडा पाऊस सोसतो. शिजवून पसरलेल्या हळकुंडाला तो सोसत नाही. भिजलेली हळद पुन्हा वाळवली, तरी रंग फिका पडतो, बुरशी येण्याची भीती असते आणि व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो तेव्हा भाव खाली येतो. पाऊस पडलाच नाही, पण चार दिवस आभाळ राहिले, तरी वाळवण रेंगाळते. म्हणून कुकर लावायचा की दोन दिवस थांबायचे, हा निर्णय आठ-नऊ महिन्यांच्या मेहनतीचा भाव ठरवतो. मजूर आणि कुकर यांची वेळ आधीच ठरलेली असते. थांबण्यालाही खर्च आहे, त्यामुळे तो निर्णय नुसत्या अंदाजपंचे घेता येत नाही.

नोव्हेंबरमधील पावसाचा धोका वेगळा. तेव्हा कंद पोसत असतो. सरीत पाणी साचून राहिले, तर कंदकूज पसरते. तेव्हा वाळवणाची नव्हे, निचऱ्याची चिंता करावी लागते.

इतर पिकांचे काय? हा पाऊस फक्त नुकसानच करतो का?

नाही. २०२३ सारख्या कमी पावसाच्या वर्षात जमिनीत ओल नसते. तेव्हा नोव्हेंबरचा हलका-मध्यम पाऊस कोरडवाहू हरभरा आणि ज्वारीला जीवदान देऊ शकतो. तोच पाऊस फुटलेल्या कापसाची प्रत बिघडवतो आणि तुरीचा फुलोरा गाळतो. एकाच शेतकऱ्याच्या एका तुकड्यात आनंद आणि दुसऱ्यात नुकसान, असे चित्र असते.

ढगाळ, दमट हवा लांबली, तर हरभऱ्यावर घाटेअळी, गव्हावर तांबेरा आणि आंब्याच्या मोहोरावर भुरीचा धोका वाढतो. गव्हाला आणि हरभऱ्याला थंडी हवी असते. उबदार रात्री वाढल्या, की पीक लवकर पक्वतेकडे जाते आणि दाणा भरायला वेळ कमी मिळतो. म्हणजे एक थेंबही न पडता केवळ किमान तापमान वाढल्यानेही उत्पादनावर परिणाम होतो. पर्जन्यमापकात हे नुकसान दिसत नाही, तापमापकात दिसते.

मदत आणि विम्यासाठी या आकड्यांचा उपयोग होतो का?

अंशतः. नैसर्गिक आपत्तीत सरकारी मदतीसाठी पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान पंचनाम्यात दिसावे लागते. मंडळातील पावसाचा आकडा त्याला आधार देतो, पण गारपिटीत आणि वादळात शेतातील प्रत्यक्ष पाहणी महत्त्वाची ठरते. पीक विम्यात २०२५ च्या खरिपापासून राज्याने भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पादनाशी जोडली आहे. त्यामुळे ‘एवढे मिलिमीटर पाऊस म्हणजे विमा मंजूर’ असे सरळ समीकरण नाही. नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून चालू हंगामाच्या अटी कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात.

स्वतःची वही सरकारी नोंदीची जागा घेत नाही. पण कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ गारा पडल्या, हे लिहिलेले असेल आणि सोबत त्याच वेळचे छायाचित्र असेल, तर पंचनाम्याच्या वेळी आपले म्हणणे नेमकेपणाने मांडता येते. ‘मागच्या आठवड्यात कधीतरी’ या उत्तरापेक्षा ते बरे.

घरच्या घरी नोंद कशी ठेवावी?

• पाऊस : वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा, सपाट तळाचा डबा मोकळ्या जागेत घट्ट बसवावा. तोंड जमिनीपासून साधारण एक फूट उंच आणि आडवे समतल असावे. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर तो ठेवावा. रोज सकाळी ८.३० ला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी आणि डबा रिकामा करावा.

• तापमान : कमाल-किमान दाखवणारा साधा तापमापक सावलीत, हवेशीर जागी, सुमारे चार फूट उंचीवर टांगावा. पत्र्याला किंवा उन्हाने तापणाऱ्या भिंतीला तो टेकू देऊ नये.

• डोळ्यांनी दिसणारे : वाऱ्याची दिशा, ढग, दव, धुके, वीज, गारा. प्रत्येकी एक-दोन शब्द पुरे.

• शून्यही लिहावे. पाऊस पडला नाही त्या दिवशी रकाना रिकामा ठेवला, तर पुढे ‘पाऊस नव्हता’ की ‘मोजलाच नाही’ हे कळत नाही.

शाळेतील मुलांना हे काम सहज जमते. एका गावात दोन-तीन दिशांना असे डबे असले, तर पट्ट्यात पडणाऱ्या पावसाचा नकाशाच गावाच्या हाती येतो.

इशारा कुठे पाहावा आणि मिळाल्यावर काय करावे?

हवामान विभाग जिल्हानिहाय पिवळा, नारंगी आणि लाल असे इशारे देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने खबरदारी घ्या. ‘मेघदूत’ या मोबाइल अॅपवर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अॅप आसपास वीज पडण्याची शक्यता कळवते.

इशारा आणि आपली नोंद दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर नवी शिजवणी थांबवावी. वाळत घातलेली हळद उंचवट्यावर गोळा करून झाकावी. ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबाव्यात आणि भोवती पाणी जाण्यासाठी चर काढावा. फवारणी आणि पाणी देणे पुढे ढकलावे. गडगडाट सुरू झाला, की हळद झाकण्यासाठी उघड्यावर धावू नये आणि झाडाखाली थांबू नये. हळद पुन्हा वाळवता येते. पाऊस उघडल्यावर ऊन पडताच ताडपत्री काढावी, नाही तर आत कोंडलेल्या ओलीनेच बुरशी येते.

हे सारे हवामान बदलामुळेच का?

एका हिवाळ्यावरून तसे म्हणता येत नाही. हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे तापत्या जगात पाऊस पडतो तेव्हा तो जोरात पडण्याची शक्यता वाढते. मात्र वसमतच्या हिवाळ्यात नेमका काय बदल झाला, हे सांगण्यासाठी दीर्घ काळाच्या नोंदी लागतात. हवामानशास्त्रात ‘सरासरी’ म्हणतात ती साधारण ३० वर्षांच्या आकड्यांची असते. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड त्यासाठी वापरला जातो.

सरासरी थंडी घटली का, अवकाळीचे दिवस वाढले का, या प्रश्नांची उत्तरे तीस वर्षे रोज सकाळी कुणीतरी तापमापक वाचला म्हणूनच मिळतात. शेतकऱ्याला तीस वर्षे थांबायची गरज नाही. त्याच्यापुढचा प्रश्न उद्या कुकर लावायचा की नाही, एवढाच असतो. त्याचे अर्धे उत्तर मोबाइलवर मिळते. उरलेले अर्धे आज सकाळी वहीत लिहिलेल्या दोन आकड्यांत असते.